रबाळ्याच्या वर्कशॉपमधला लेझर ड्रायव्हर, चार महिने वापरून

लॅबसाठी रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून ९०५ नॅनोमीटरच्या लेझर डायोडचा ड्रायव्हर बोर्ड (डायोडला विजेचे झटके देऊन प्रकाशाच्या पल्स सोडायला लावणारं सर्किट) बनवून घेतला. ज्यांना फोटोअकूस्टिकचा, म्हणजे प्रकाशातून आवाज काढण्याचा, प्रयोग बसवायचाय, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

लेझरची पल्स पडली की प्रकाश शोषणारी वस्तू क्षणभर तापते, फुगते आणि अल्ट्रासाउंड सोडते. मोठ्या लेझरची पल्स मिलिज्यूलची असते, पण तो आमच्या बजेटमध्ये बसत नाही. डायोडची पल्स मायक्रोज्यूलची, त्यामुळे सिग्नल नॉइजमध्ये बुडतो. १००० पल्सची सरासरी काढली तर तो साधारण ३१ पट वर येतो. पण ३ सेंटिमीटर खोलीवरून आवाज यायला जवळजवळ २० मायक्रोसेकंद लागतात आणि तोवर पुढची पल्स सोडता येत नाही. गोले कोडमध्ये ही वाट बघावी लागत नाही. पल्स ठरावीक क्रमाने एकामागोमाग सोडायच्या आणि मिळालेला गुंता गणिताने उलगडायचा. + + + − आणि + + − + ही जोडी घ्या: दोघांच्या ऑटोकोरिलेशनची (कोड स्वतःवरच सरकवत जुळवून पाहिल्यावर येणाऱ्या आकड्यांची) बेरीज केली की मध्ये ८ उरतात, बाजूला सगळीकडे शून्य. किती सुंदर आहे हे! उणे प्रकाश नसतो, म्हणून प्रत्येक कोडचे + आणि − असे दोन भाग वेगवेगळे सोडून वजाबाकी करायची.

मात्र बाजूचं शून्य होण्यासाठी सगळ्या पल्स सारख्या हव्यात. पहिला बोर्ड इथेच अडला. सुटी पल्स छान यायची, पण १६ चा कोड ५ मायक्रोसेकंदांच्या अंतराने सोडला की शेवटची पल्स पहिलीच्या निम्म्यावर. ऑसिलोस्कोपचा फोटो दाखवल्यावर वर्कशॉपचे काका लगेच म्हणाले, "मॅडम, कपॅसिटरला भरायला वेळच मिळत नाहीये." त्यांनी चार्जिंगचा रेझिस्टर कमी केला, डायोडला अगदी लागून आणखी सिरॅमिक कपॅसिटर बसवले आणि आठवड्यात बोर्ड परत दिला. जास्तीचे पैसे घेतले नाहीत. आता सोळाही पल्स एका उंचीच्या येतात.

चायना ग्रासच्या जेलीत २ सेंटिमीटर खोल पुरलेली पेन्सिलची लीड पहिल्यांदा स्पष्ट दिसली, तेव्हा मुलांनी अख्खी लॅब डोक्यावर घेतली. तेवढ्याच वेळात साध्या सरासरीने ती जेमतेम जाणवत होती.

तक्रारी दोनच. बोर्डाला डबा नाही. कोड चालू असताना आपण ऐकतही असतो, त्यामुळे प्रत्येक पल्सचा विजेचा झटका थेट ॲम्प्लिफायरमध्ये शिरतो आणि ॲम्प्लिफायर दबून जातो. आम्ही बोर्ड ॲल्युमिनियमच्या डब्यात घालून अर्थ केला, मग थांबलं. दुसरं, सोबत माहितीचा कागद नाही, सगळं तोंडी. वही घेऊन जा. ९०५ चा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही हेही त्यांनी सांगितलं नव्हतं, म्हणून ती तरंगलांबी अडवणारा गॉगल आधी घ्या, बोर्ड नंतर.