मिसळीला दोन स्टार, डब्यांना चार

आमच्या कॅम्पसमधलं कॅन्टीन, नाव नाही लिहीत, येणाऱ्यांना बरोबर कळेल. पोहे ठीक, मिसळीची तर्री सोमवारी वेगळी न गुरुवारी वेगळी. रिव्ह्यू लिहितोय ते बेसिनशेजारच्या डब्यांसाठी.

ओल्याला हिरवा, सुक्याला निळा आणि एक लाल असे तीन डबे आले तेव्हा पहिले दोन आठवडे नुसता गोंधळ, हिरव्यात वेफर्सची पाकिटं, निळ्यात अर्धी साबुदाणा खिचडी आणि तिच्यामुळे खालचे सगळे कागद भिजून वाया. मग सुका कचरा नेणाऱ्या मावशी दुपारी तिथेच उभ्या राहायला लागल्या. मी चहाचा कागदी कप निळ्यात टाकला तर म्हणाल्या, "दादा, ह्यो कागद नाय, आतून प्लास्टिक हाय, भंगारवाला घेत पण नाय." कप फाडून आतला पातळ पापुद्रा नखाने सोलून दाखवला. मी केमिस्ट्रीवाला, काय बोलणार.

आता काकांनी स्टीलचे ग्लास काढलेत, बाहेर न्यायचा तर दहा रुपये डिपॉझिट. आयडिया भारी आहे, फक्त अकराच्या गर्दीत पैसे परत घ्यायला उभं राहिलं की लेक्चर गेलं समजा, वर सुट्टे नाहीत नंतर घ्या, असे माझे वीस रुपये अजून तिकडेच आहेत.

उष्टं मागच्या खड्ड्यात जातं, खत होतं. तसं 2016 च्या घनकचरा नियमांतही होतंच की दिवसाला 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा होईल तेवढा आवारातच जिरवायचा, उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोशेजारच्या लोकांनी आपला वास किती वर्षं घ्यायचा?

एक स्टार कापला तो फेस्टमुळे. बाहेरचा केटरर थर्माकोलच्या प्लेटा घेऊन आला, 2018 पासून राज्यात बंदी असून गेटवर कुणी हटकलं नाही, आणि रात्री तिन्ही डबे एकाच टेम्पोत उलटे केले, मी स्वतः बघितलं. दुसऱ्या दिवशी उरलेला ढीग मावशी नुसत्या हातांनी निवडत होत्या. डब्यांवर स्टिकर छापायला पैसे आहेत, मावशींच्या ग्लोव्हजला नाहीत.

बाकी हॉस्टेलच्या खिडकीत पेनं ठेवायला स्टीलचा ग्लास कोण वापरतंय ते दिसतंय खालून, परत आण बाबा, काल चहाला ग्लास संपले होते.