रविवारची सामाईक बाग: भाजीसाठी जाणार असाल तर मंडई बरी

पुण्यात वारज्याकडे, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, मोकळ्या पडलेल्या एका प्लॉटवर रहिवाशांनी मिळून भाजीची बाग केली आहे. वीसेक वाफे, वेलींसाठी दोन मांडव आणि भिंतीला लागून पाचोळा कुजवून खत करायचे जाळीचे पिंजरे. दर रविवारी सकाळी साडेसात ते दहा कोणीही जाऊन काम करावं. फी नाही, नावनोंदणी म्हणजे फाटकाजवळच्या वहीत सही. मी गेल्या पावसाळ्यापासून जाते. बागेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि मला अजून तिथे जायचंय.

नवीन येणाऱ्यांची समजूत असते की आपण रोपं लावायची. रोपं लावणं हे तिथल्या कामातलं सगळ्यात थोडं काम. खरं काम म्हणजे पाचोळा, तण, मांडवाच्या सुतळ्या बदलणं आणि शेवटी फावडी-घमेली धुऊन जागेवर ठेवणं. ५ जूनला पर्यावरण दिन म्हणून चाळीस माणसं येतात, नवे कोरे हातमोजे घालून रोपासोबत फोटो काढतात. जुलैत चिखल, डास आणि गुडघाभर गवत असतं तेव्हा आम्ही सहाजण असतो. आयोजकांना हे ठाऊक आहे, तरी ग्रुपवर आवाहन मात्र "चला, झाडं लावू या!" असंच असतं. "चला, लव्हाळा उपटू या" असं लिहिलं तर कोणी येणार नाही हे मान्य, पण निदान आलेल्याची फसगत तरी होणार नाही.

पाचोळ्याचं काम मात्र खरोखर शिकण्यासारखं आहे आणि मी मुख्यतः त्यासाठीच जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात पीतमोहर, पिंपळ, बदाम सगळेच एकदम पानं टाकतात. पूर्वी ही पानं झाडून कोपऱ्यात पेटवून द्यायचे. २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या न्यायाधिकरणाने, उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घातली आणि पाच हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार, असा दंड लावला. तरी धूर दिसतोच, ते असो. त्याच वर्षी पुण्यात अदिती देवधर यांनी 'ब्राउन लीफ' सुरू केलं, ज्यांच्याकडे पानं जास्त त्यांची गाठ ज्यांना पानं हवीत त्यांच्याशी घालून द्यायला. आमच्या बागेतही आजूबाजूच्या सोसायट्या पोत्यांनी पानं आणून देतात. पोत्यात पानांबरोबर गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्याही येतात. त्या वेचणं हे पहिलं काम.

पिंजऱ्यात नुसती सुकी पानं दाबली तर ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहतात. मध्ये मध्ये हिरवा थर लागतो: छाटलेलं गवत, भाजीची देठं, वर शेणकाला. कर्ब (तो सुक्या पानांत जास्त) आणि नत्र (ते हिरव्यात जास्त) यांचं प्रमाण पंचवीस-तीसास एक असावं असं पुस्तकात असतं, पण बागेचे माळीमामा ते हाताने मोजतात. "ताई, वरचं कोरडं बघू नका, आत हात घाला," हा त्यांचा पहिला धडा. आतलं मूठभर घेऊन आवळायचं. पाणी निथळलं तर ओल जास्त, तळव्याला नुसता ओलसरपणा लागला तर ठीक, मूठ उघडल्यावर भुगा सांडला तर पाणी मारा. ढीग जमला की आतली उष्णता साठ अंशांच्या आसपास जाते. थंडीच्या सकाळी दाताळ्याने उलटला की वाफ निघते आणि हात फार वेळ आत ठेवता येत नाही. बदामाची जाड पानं हट्टी, पीतमोहराची बारीक पानं लगेच मुरतात. त्यामुळे बदाम आधी पायाने चुरून घ्यायचा, हे काम लहान मुलं आनंदाने करतात. वेळच्या वेळी उलटलं तर तीन-चार महिन्यांत खत चाळायला येतं.

आता तक्रारी. पहिली, दोडका. नियम असा की निघालेली भाजी त्या दिवशी काम करणाऱ्यांत वाटायची. वहीत सह्या असतात त्या त्यासाठीच. प्रत्यक्षात शनिवारी संध्याकाळी मांडवाला सात-आठ दोडके लटकत असतात आणि रविवारी सकाळी नुसते देठ. चोर बाहेरचा नाही हे सगळ्यांना माहीत आहे, कारण फाटकाला कुलूप असतं. बैठकीत विषय काढला की सगळे मांडवाकडे बघतात. जे उरतात त्यांच्यात फळमाशीच्या अळ्या. वेलवर्गी भाज्यांना क्यूल्यूरचा, म्हणजे त्या माशीला ओढून घेणाऱ्या वासाचा, सापळा लावावा लागतो हे दोनदा सुचवून झालं. आणलेला सापळा आंब्याच्या माशीचा, मिथाइल युजेनॉलचा निघाला. दोडक्यातली माशी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

दुसरी, अवजारं. खोलीची किल्ली एकाच गृहस्थांकडे आणि ते आठला उगवतात. तोवर साडेसातला आलेले लोक चहा पितात. कुणीतरी देणगी म्हणून रंगीत मुठीचे छोटे फावडे-संच दिले आहेत. आमची जमीन मुरमाड, तिथे ते पहिल्याच दगडावर वाकतात. सिकेटरला, म्हणजे फांद्या छाटायच्या कात्रीला, धार नाही, फांदी कापली जात नाही, चावली जाते. आपलं खुरपं आपण घेऊन जावं. बोहरी आळीत साधं लोखंडी खुरपं आणि विळा घ्या, लाकडी मुठीचा, आणि मुठीवर रंगीत दोरा गुंडाळा, नाहीतर तेही दोडक्याच्या वाटेने जाईल.

शंखी गोगलगायींचा उपद्रव ऑगस्टमध्ये मोठा असतो. २०२२ साली लातूर-बीडकडे यांनीच सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती, तेव्हा वीस वाफ्यांची काय कथा. संध्याकाळी ओली पोती गुळाचं पाणी शिंपडून पसरायची आणि पहाटे पोत्याखाली जमलेल्या उचलून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. हातमोजे घालूनच उचला, त्यांच्यातून रोग होऊ शकतो. या कामाला कोणी तयार नसतं, त्यामुळे जो तयार होतो त्याला बागेत मान आहे. कडेच्या गाजर गवतालाही उघडा हात लावू नका. हे गवत देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, १९५० च्या दशकात, त्यामुळे आपला त्याच्यावर जरा जास्तच हक्क आहे. ज्यांना खाज किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी तो कोपरा दुसऱ्याला द्यावा.

भाजी मिळत नाही असं म्हटलं, पण मी रिकाम्या हाताने येत नाही. माझं माहेर कराडकडचं, त्यामुळे रानभाज्या ओळखते. आषाढात वाफ्यांच्या कडेने टाकळा, कुर्डू आणि घोळ उगवते आणि आयटीतली गुणी मुलं ती तण म्हणून घमेल्यात भरतात. मी घमेलं बाजूला घेते. टाकळ्याची कोवळी पानं, फुलं यायच्या आत, लसूण आणि भिजवलेल्या चणाडाळीबरोबर परतली की भाकरीला दुसरं काही लागत नाही. घोळ ताकात. फक्त रस्त्याकडच्या भिंतीलगतचं घेऊ नका, तिथे कुत्री येतात. पहिल्या वर्षी सगळे हसले, यंदा दोघीजणी पिशव्या घेऊन आल्या, त्यामुळे ही माहिती इथे लिहिताना मला थोडं जिवावर आलं आहे.

एकंदर पाचात साडेतीन. एक गुण दोडक्याचा कापला, अर्धा किल्लीचा. पाचोळ्याच्या पिंजऱ्यांना वेगळे द्यायचे तर पाच देईन. निवृत्त मंडळींना आणि दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांना जरूर न्यावं. गुडघे दुखत असतील तर चाळणीचं काम मागून घ्या, ते स्टुलावर बसून होतं. दुचाकी आत लावता येते, चारचाकी आणू नका, गल्ली अरुंद आहे. प्यायचं पाणी घरून न्या, टाकीतलं झाडांसाठी आहे. स्वच्छतागृह नाही. बायकांना याचा त्रास होतो, आणि ही मागणी वहीच्या मागच्या पानावर आम्ही तिघींनी सह्यांनिशी लिहून ठेवली आहे. तुम्ही गेलात तर चौथी सही करा.