म्हापशात करून घेतलेला सायकल-संगणक: तीन दिवसांच्या वापरानंतर

म्हापशाच्या बाजारामागील गल्लीत टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करणारे एक छोटे दुकान आहे. तेथील दुकानदार लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना अंतर, उंची असे आकडे दाखवणारा सायकलवरचा संगणक स्वतःच्या हाताने जोडून देतात. पुढे तक्रारही करायची असल्यामुळे दुकानाचे नाव देत नाही. साडेसहा हजार रुपये देऊन मी तेथे असा एक संगणक करून घेतला आणि सप्टेंबरमध्ये पत्रादेवी ते पोळे, म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत, व परत हा प्रवास त्याच्या भरवशावर केला.

साबणाच्या डबीपेक्षा थोड्या मोठ्या डब्यात रास्पबेरी पाय झिरो हा एकाच छोट्या पट्टीवरचा संगणक, जीपीएस, हवेच्या दाबावरून उंची काढणारा सेन्सर आणि ई-पेपरचा पडदा बसवलेला आहे. पुढच्या चाकाच्या हबमधील ६ व्होल्ट, ३ वॅटच्या डायनॅमोची एसी वीज डीसी करून ती ५ व्होल्टवर आणणारे सर्किटही त्यांनीच जोडले आहे. पडद्याची निवड अचूक म्हणावी लागेल, कारण वेर्ण्याच्या पठारावर भर दुपारी मोबाइलवर स्वतःचा चेहराच दिसत होता, तेव्हा या पडद्यावरचे आकडे छापील कागदासारखे स्वच्छ वाचता येत होते.

डब्याला बटण मात्र एकच. स्टीव्हन रॉबर्ट्स १९८३ मध्ये ओहायोतून रेडिओ शॅकचा मॉडेल १०० संगणक घेऊन सायकलने अमेरिकेच्या प्रवासाला निघाले. नंतरच्या सायकलींवर तर ते हँडलमधील कळा दाबून चालता चालता मजकूर लिहीत. त्यांची १०५ गिअरची ‘बेहेमॉथ’ ही सायकल ५८० पौंडांची, म्हणजे सुमारे २६३ किलोंची झाली होती, हे लक्षात घेता एका बटणावर समाधान मानणेच गुडघ्यांच्या हिताचे आहे. पण बेहेमॉथच्या मागे जोडलेल्या गाडीवर सौर पॅनेल होते, आणि त्याचे मोल मला बाळ्ळी सोडून करमल घाट चढताना कळले. वेग ताशी सहा-सात किलोमीटरवर आला की डायनॅमोची वीज पुरत नाही, चार्जिंगचा दिवा विझतो आणि सगळा भार डब्यातल्या दोन सेलवर पडतो. माथ्यावर पोहोचेपर्यंत ते तगले, पण जेमतेम.

पहिली चूक अंतराची निघाली. चाकाचा घेर २,०९६ मिलिमीटर धरलेला होता, तर माझ्या ७०० बाय ३२ टायरचा २,१५५ भरतो. त्यामुळे दर शंभर किलोमीटरला पावणेतीन किलोमीटर कमी दिसत होते. काणकोणात लॉजच्या व्हरांड्यात व्हॉल्व्ह खाली आणून खडूची खूण केली, स्वतः सायकलवर बसून चाक एक फेरा पुढे ढकलले आणि टेपने मोजून आकडा बदलला. तो बदलता येतो, ही सोय तयार यंत्रांतही असते; पण दुकानात हा एक फेरा मोजूनच सायकल हातात द्यायला हवी होती.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. तिसऱ्या दिवशी पडद्याच्या आतल्या बाजूने थेंब साचले आणि जीपीएस बंद पडले. डबा सिलिकॉनने इतका घट्ट बंद केला होता की पाणी शिरले कोठून, हे मला समजेना. दुकानदारांनी तो उघडून अँटेनाच्या जोडावरची हिरवी बुरशी दाखवली आणि म्हणाले, “बाब, हे पाणी बाहेरून आलेले नाही. पावसात डबा बंद केला तेव्हाच दमट हवा आत राहिली.” त्यांनी जोड बदलला, तळाला बारीक भोक पाडले, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. अर्ध्या तासाचे हे काम माझ्यासमोर, नेहमीच्या स्क्रू-ड्रायव्हरने झाले, आणि याच कारणासाठी मी हा डबा बाजारातल्या सीलबंद यंत्रापेक्षा वरचा मानतो.

मागणी नोंदवल्यापासून तीन आठवडे लागतात. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुमारास दुकान बंद असते आणि शुक्रवारी बाजारामुळे गल्लीत सायकलसुद्धा उभी करता येत नाही, तेव्हा इतर दिवशी आणि सायकल सोबत घेऊनच जावे. घेर आपल्यासमोर मोजायला सांगावा.