पुरणयंत्र: घेतलं मी, फिरवलं पाच वर्षांच्या बाईंनी

आमच्याकडे होळीचं पुरण कित्येक वर्षं मिक्सरमधूनच निघायचं. यंदा लेक हटून बसली, "मलापण काम द्या." मिक्सरला हात लावायचा नाही, गॅसपाशी यायचं नाही, मग देणार काय? आई म्हणाली, "पुरणयंत्र आण. पूर्वी पोरंच फिरवायची."

म्हणून रविवार कारंज्यावर गाडी लावायला जागा शोधून (नाशिककरांना पुढचं सांगायला नको) भांडी बाजारात शिरलो. दुकानदारकाकांनी पितळी आणि स्टीलचं अशी दोन यंत्रं खाली वर्तमानपत्रावर मांडली आणि माझ्याशी न बोलता लेकीला म्हणाले, "फिरव बघू." पितळी जड, तिच्याच्याने दांडा हलेना. "पितळ घ्या साहेब, गोदामाईच्या पुरात बुडालं तरी घासून पुन्हा चकचकीत," असा आग्रह झाला. पण ते जवळजवळ तिप्पट किमतीचं, शिवाय फिरवणाऱ्या बाईंनी निकाल दिलाच होता. स्टीलचं ४५० रुपयांना घेतलं. सोबत बारीक आणि जाड भोकांच्या दोन जाळ्या.

होळीला अर्धा किलो डाळ शिजली, कट आमटीसाठी बाजूला गेला, गूळ घालून पुरण आटलं. आईने उलथनं मधोमध उभं केलं, पडलं नाही, मग कढई उतरवली. पुरण गार झालं की दगड होतं आणि गरम असलं तर पोरीचा हात भाजतो. दहा मिनिटं थांबलो ते बरोबर बसलं.

खरी तक्रार इथे आहे. यंत्राचे तिन्ही पाय परातीत सरकतात. दांड्याबरोबर अख्खं यंत्रच गरगर फिरायला लागलं. शेवटी मी मांडी घालून ते दोन्ही हातांनी धरून बसलो आणि ती उभी राहून दोन्ही हातांनी फिरवत होती. खालून पिवळ्याधमक शेवया पडायला लागल्या तशी किंचाळलीच, "बाबा, येतंय!" मिक्सरला पाच मिनिटं लागतात, आम्हाला पाऊण तास लागला. मध्येच बोट चाटलं गेलं, तेही नैवेद्याच्या आधी. मी आईकडे बघितलं. तिने नैवेद्यापुरतं पुरण केव्हाच वेगळं वाटून झाकून ठेवलं होतं.

पुरण मात्र मोकळं आणि एकसारखं झालं, मिक्सरसारखा चिकट गोळा नाही. अख्खी डाळ राहिली नाही, त्यामुळे बायकोच्या एकाही पोळीला भोक पडलं नाही. सासूबाई जळगावकडच्या, त्यांच्या लेखी खापरावरचे मांडेच खरे. तरी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दांड्याची मूठ त्याच दिवशी ढिली होऊन हातात आली. आपल्याकडे नाशकात रंग खेळतात तो पंचमीला, रहाडीत म्हणजे रंगीत पाण्याच्या जुन्या हौदात. तोवर हाताशी चार दिवस होते. घेऊन गेलो, काकांनी वायसर घालून मूठ फुकट बसवून दिली. जाळी लगेच पाण्यात टाका, नाहीतर भोकांत अडकलेलं पुरण जुन्या टूथब्रशने उकरत बसाल.

एकट्याने पुरण करणार असाल तर मिक्सरच बरा. घरात लुडबुडणारं पोर असेल तर घ्या, पण पाय धरायला एक रिकामा माणूस लागेल.

जाड भोकांची जाळी अजून कोरी आहे असं मी समजत होतो. परवा बाल्कनीत कुंडीतली माती तिच्यातून गाळून परातीत नीट ढीग करून ठेवलेली सापडली.