झरमॅटला जायचंय: गाडी की ट्रेन?

मावसबहिणीला स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट या डोंगरातल्या गावी जायचंय, आणि परवापासून तिचा एकच घोष, झुरिकहून गाडी भाड्याने घेऊ की ट्रेननेच जाऊ. तर आधी हे डोक्यात घे की झरमॅटमध्ये बाहेरच्या गाड्यांना बंदी, ५ किमी अलीकडे टॅश गावात पार्क करायची आणि तिथून शटल ट्रेन, १२ मिनिटं, साधारण दर २० मिनिटांनी. आपलं माथेरानचं दस्तुरी नाकंच समज, फक्त घोडेवाले मागे लागत नाहीत.

खर्च बघ. गाडीचं भाडं, पेट्रोल, पार्किंगचा रोजचा मीटर आणि वर शटलचं तिकीट माणशी वेगळं, म्हणजे गाडी झोपलेली आणि पैसे चालू. ट्रेनला स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांसाठीचा, ठरावीक दिवस देशभर फिरायचा) असेल तर थेट झरमॅट स्टेशनपर्यंत चालतो.

वेळ म्हणशील तर ट्रेनने साडेतीन तासाच्या आसपास, वाटेतल्या फिस्प स्टेशनला एकदा बदलायची. गाडीने फार वाचत नाही, त्यात हिवाळ्यात घाट बंद असतात, मग डोंगराअलीकडच्या कांडरश्टेग गावात गाडीच ट्रेनवर चढवून बोगद्यातून न्यायची, बोला आता!

सामानाला मात्र टॅश बरं, ट्रॉली सरळ डब्यात ढकलता येते. फिस्पला बॅगा आपल्याच हातात.

गावात शिरल्यावर दोन्ही सारखंच, पायी नाहीतर खोक्यासारख्या चौकोनी इलेक्ट्रिक टॅक्सी, त्या आवाज न करता पाठीमागे येऊन उभ्या राहतात, दचकायला होतं. गॉर्नरग्राट या उंच डोंगरावर चढणारी छोटी ट्रेन स्टेशनसमोरूनच सुटते.

लहान पोरं, भरपूर बॅगा आणि पुढे इटलीत उतरायचं असेल तर गाडी घ्या. तुम्ही दोघंच आहात, पास काढ आणि खिडकी पकड.