धक्क्याने घट्ट होणारा द्रव की चुंबकाने ताठ होणारं रबर?

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला दोन्ही विषय शोभतात. एकीकडे सिलिका आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल, दुसरीकडे कार्बोनिल लोखंडाची (म्हणजे जवळपास शुद्ध लोखंडाची) बारीक पूड आणि सिलिकॉन रबर. मी निवडताना एकच बघेन: बनवताना चुकलं तर निस्तरता येतं का?

द्रवाचं बरंचसं निस्तरता येतं. सिलिका एकदम ओतली की पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. म्हणून ती आधी इथेनॉलमध्ये अल्ट्रासोनिक यंत्राने पसरवायची, त्यात ग्लायकॉल मिसळायचं आणि मग इथेनॉल उडवून लावायचं. ते थोडं उरलं तरी द्रव पातळ राहतो, पुन्हा सुकवा. बुडबुडे दिसले तर व्हॅक्यूम आहेच. २००३ मध्ये डेलावेअर विद्यापीठ आणि अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेने केव्हलार या बुलेटप्रूफ जॅकेटांच्या कापडात असा द्रव मुरवून दाखवला, तेव्हाही मुरवण्यासाठी इथेनॉलचीच मदत घेतली होती.

द्रवाचं दुखणं नंतर सुरू होतं. ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे मुंबईच्या जुलैत उघडी राहिलेली बरणी पुढच्या आठवड्यात वेगळेच आकडे देते. तापमान वाढलं की तोच द्रव घट्ट व्हायला आणखी जोराचा धक्का लागतो. शिवाय ऱ्हिओमीटर, म्हणजे द्रवाचा घट्टपणा मोजणारं यंत्र, नसेल तर मोजणार कशावर?

रबराचं उलटं. एकदा जमलं की जमलं, आणि बिघडलं की फेकून द्यायचं. लोखंड रबराच्या सातपट जड, त्यामुळे मिश्रण पातळ असेल तर जमेपर्यंत कण तळाला बसतात. जमताना चुंबकीय क्षेत्र दिलं तर कणांच्या साखळ्या होतात आणि त्या दिशेने ताठपणा जास्त बदलतो; क्षेत्र न देता केलेल्या नमुन्यात तो फरक कमी असतो. साधी निओडायमियम चुंबकं जवळ ठेवली तर पूड ध्रुवांकडे गोळा होते. इलेक्ट्रोमॅग्नेट बरा, पण तो तापतो आणि रबर लवकर जमतं. प्रमाणाचा घोळ तर नेहमीचा: आकारमानाने ३० टक्के लोखंड म्हणजे वजनाने सुमारे ७५ टक्के!

कॉलेजात ऱ्हिओमीटर असेल आणि वेळ कमी असेल तर द्रव घ्या. चुंबक आणि दाबयंत्र असेल, चार-पाच नमुने वाया घालवायची तयारी असेल, तर माझं मत रबराला. नमुना वर्षभराने दाखवायचा असेल तरीही रबरच. फक्त प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने जमणारं) सिलिकॉन हाताळताना लॅटेक्सचे हातमोजे घालू नका. हातमोज्यांतल्या गंधकामुळे रबर चिकटच राहतं, आणि दोष मात्र लोखंडाच्या पुडीवर जातो.