स्नायूंच्या प्रोटीनचं थ्रीडी ॲप: मायोसिन भारी, टायटिन गायब

स्नायू आखडतो तेव्हा आत मॉलिक्यूल नक्की काय करतात हे फिरवून, झूम करून दाखवणारं एक ॲप वापरतेय. नाव नको, कारण पुढे तक्रारी पण आहेत. आणि जिमवाल्यांनो, डब्यातल्या पावडरीचा इथे काही संबंध नाही हां, विषय ॲक्टिन, मायोसिन आणि मंडळींचा आहे, म्हणजे स्नायूतल्या प्रोटीनचा: मायोसिनची डोकी ॲक्टिनच्या धाग्याला पकडून ओढतात.

मायोसिनचं डोकं काय सुंदर केलंय! 1993 साली आयव्हन रेमेंट आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या मायोसिनच्या डोक्याचं क्रिस्टल स्ट्रक्चर काढलं होतं, तेच इथे हातात घेतल्यासारखं फिरवता येतं. एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा मॉलिक्यूल) बसतो ती खाच, ॲक्टिनला चिकटणारी बाजू आणि मधली फट, सगळ्यांना वेगळे रंग. आपल्याला वाटतं एटीपी आला की मायोसिन ओढायला लागतं, पण इथे स्पष्ट दिसतं की एटीपी आधी पकड सोडवतो, फट उघडते आणि डोकं ॲक्टिनपासून सुटतं (मेल्यावर शरीर ताठ होतं ते म्हणूनच, सोडवायला एटीपीच उरत नाही). मग एटीपी तुटतो, डोकं नव्या जागी चिकटतं, फॉस्फेट बाहेर पडतो आणि लिव्हर आर्म (डोक्याला जोडलेला दांडा, एक लांब मळसूत्री हेलिक्स) फिरतो. खाचेतला बदल जेमतेम काही अँगस्ट्रॉमचा (नॅनोमीटरचा दहावा भाग), पण त्या लांब हेलिक्समुळे टोकाला 5 ते 10 नॅनोमीटरची हालचाल होते, हे स्लो मोशनमध्ये बघताना मी तर तिथेच अडकून बसले.

ट्रोपोनिन-ट्रोपोमायोसिनचा (ॲक्टिनवर बसून मायोसिनची जागा अडवणारी प्रोटीन) भाग ठीकठाक. कॅल्शियम ट्रोपोनिन सी ला चिकटतं, ट्रोपोमायोसिन सरकतं, जागा मोकळी होते. चूक काही नाही, पण घाईत उरकलंय.

खरी गडबड अख्ख्या सारकोमिअरच्या (स्नायूचं आखडणारं सगळ्यात छोटं एकक) सीनमध्ये आहे. एका जाड फिलामेंटमध्ये (मायोसिनच्या धाग्यात) साधारण 300 मायोसिन, प्रत्येकाला दोन डोकी, आणि ॲपमध्ये ती सगळी एका ठेक्यात ओढतात आणि एकदम सोडतात! अहो, सगळ्यांनी एकदम सोडलं तर वजन उचललेला स्नायू मागेच घसरेल ना. दोरी ओढताना आपण एक हात धरून दुसरा पुढे नेतो तसं आहे ते, काही डोकी धरून असतात तेव्हा बाकीची सुटतात. वर ॲनिमेशनमध्ये फिलामेंटच आखूड होताना दाखवलेत, हे तर फारच झालं. 1954 मध्येच दोन्ही हक्सलींनी (अँड्र्यू आणि ह्यू, नातेवाईक नव्हेत) आपापल्या सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं होतं की फिलामेंट एकमेकांवरून सरकतात, ए बँडची (जाड फिलामेंटांच्या पट्ट्याची) लांबी तेवढीच राहते.

आणि टायटिन कुठेय?? तीस हजारांहून जास्त अमायनो ॲसिडची प्रोटीन साखळी, सारकोमिअरच्या कडेच्या झेड डिस्कपासून मधल्या एम लाईनपर्यंत पसरलेली, ताणलेल्या स्नायूला परत खेचणारी, जाड फिलामेंटला मध्यावर धरून ठेवणारी. ती वगळायची म्हणजे कमाल आहे. बहुतेक एवढा मोठा मॉलिक्यूल लोड करायला जड गेला असेल.

माझ्याकडून 5 पैकी 3 स्टार, तेही मायोसिनसाठी. घ्यायचंच असेल तर लेबलं बंद करून लिव्हर आर्मचा भाग बघा, शिकवताना मात्र सारकोमिअरचा सीन लावू नका, नाहीतर फिलामेंट आखडतात असंच पोरं पेपरात लिहून येतील.